पूजेला लावलेलं ग्राफिक्स कार्ड

आमच्या घरात गेम मी खेळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. महात्मा गांधी रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी ग्राफिक्स कार्ड मागितलं, तेव्हा काउंटरमागच्या माणसाने आधी माझ्या पाठीमागे पाहिलं. ज्याच्यासाठी कार्ड हवंय तो नातू तिथे उभा असेल असं त्याला वाटलं असावं. पाठीमागे माझा नवरा उभा होता, साठी ओलांडलेला, हातात कापडी पिशवी घेऊन. मग त्याने नवऱ्याला विचारलं, "काका, कुठला गेम खेळता?" जुगाराच्या अड्ड्यावर कुणी ओळख दाखवावी तसा नवऱ्याचा चेहरा झाला.

"मी खेळते," मी म्हणाले.

"वा काकू!" तो म्हणाला. पहिलीतल्या पोराने न अडखळता कविता म्हटली की आम्ही शिक्षक ज्या सुरात 'वा' म्हणतो, तो सूर मी बरोबर ओळखते. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलाय मी, आणि तसले 'वा' पुष्कळ वाटलेत.

पण सुरुवात दुकानापासून नको, बेटापासून करते. लेक शिकायला जर्मनीला गेली आणि तिकडेच नोकरीला लागली. जाण्याआधी तिने तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकून दिला आणि मला शिकवला. गेममध्ये एक बेट आहे. तिथे लाकडं तोडायची, घर बांधायचं, भाजीपाला लावायचा. दोघींनी आपापल्या घरी बसून एकाच बेटावर जायचं आणि कानाला हेडफोन लावून बोलायचं. मी आयुष्यात कढीपत्त्याची फांदीसुद्धा चोरून तोडलेली नाही, पण त्या बेटावर मी जंगलंच्या जंगलं साफ केली आहेत. मुलांना वनसंवर्धनाचा धडा शिकवून निवृत्त झालेल्या बाईला हे शोभत नाही, हे मान्य.

दर रविवारी संध्याकाळी आमची तिथे भेट ठरलेली. तिच्याकडे तेव्हा दुपार असते. फोन असताना ही भेट कशाला, असं मला भिशीतल्या मैत्रिणी विचारतात. त्यांनी आमच्या घरचा फोन ऐकलेला नाही. माझा नवरा अंबडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपच्या मेंटेनन्सला होता. दिवसभर पत्र्यावर घण पडल्यासारखा आवाज. त्यात त्याचे कान गेले. पूर्ण नाही, पण त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि टीव्हीवरची चर्चा तो अशा आवाजात लावतो की त्यातल्या माणसांना आपापसात भांडायची गरज उरत नाही. त्यामुळे लेकीचा फोन आला की तो स्पीकरवर, आणि स्पीकर पूर्ण मोठा. तिला सर्दी झाली तर ती बातमी मला आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींना एकाच वेळी कळते. अशा फोनवर कोण काय बोलणार? "जेवलीस का?" "हो." "थंडी आहे का?" "आहे." मग नवरा पुढे सरकून ओरडणार, "ऑफिस काय म्हणतंय?" ती म्हणणार, "मजेत आहे बाबा." संपला फोन.

बेटावर तसं नव्हतं. ती शाळेत असताना आम्ही दोघी मटार सोलायला बसायचो, तेव्हा कोण नापास झालं, कोण कोणाशी बोलत नाही, कोण बाथरूममध्ये रडलं, हे सगळं न विचारता बाहेर यायचं. हाताला काम असलं की माणसाच्या तोंडावरचा पहारा ढिला पडतो. बेटावर ती कुऱ्हाड चालवायची, मी भोपळ्यांना पाणी घालायचे, आणि ती बोलायची. साहेब कसा आहे, खोलीतली मैत्रीण का सोडून गेली, कुकर नसताना तिने वरण कसं केलं. गेमच्या निमित्ताने मला माझी लेक परत मिळाली होती. हे मी भिशीत सांगत नाही, तिथे मी म्हणते की डोळ्यांना आणि बोटांना व्यायाम होतो.

गणपती जाऊन थोडे दिवस झाले होते. असाच एक रविवार. ती बेटावर झाडासमोर उभी होती, पण कुऱ्हाड चालवत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "तुला एक सांगायचंय. पण बाबांना..."

आणि पडद्यावर जांभळ्या पट्ट्या आल्या. वरपासून खालपर्यंत, खाटेच्या नवारीसारख्या. लेक, झाड, भोपळे, सगळं त्या पट्ट्यांमागे जागच्या जागी थिजलं. कानात घर्र घर्र झालं आणि कॉम्प्युटर बंद पडला.

नवऱ्याने येऊन वायरी हलवल्या, दोनदा बंद-चालू केलं, आणि शेवटी मॉनिटरची वायर मागच्या दुसऱ्याच जागेत खोचली. त्यावर पडदा उजळला, ईमेल वगैरे उघडायला लागलं, पण गेमने उघडायलाच नकार दिला. ग्राफिक्स कार्ड गेलं होतं. चित्रं काढायचं काम जे कार्ड करतं ते.

मी गॅलरीत जाऊन लेकीला फोन लावला. "काय सांगत होतीस?"

"काही नाही गं. बोलू निवांत."

"आत्ता निवांतच आहे. बाबा दूध आणायला गेलेत."

"फोनवर नको आई. कार्डाचं बघा ना, मग बोलू."

पुढचे दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. मी मनातल्या मनात तिचं लग्न लावलं, मोडलं, परत लावलं. मुलगा जर्मन असेल, बायकोवाला असेल, किंवा मुलगा नसून मुलगीच असेल, सगळ्याची तयारी करून ठेवली, उत्तरंसुद्धा पाठ केली. एका गोष्टीची तयारी होईना, ती म्हणजे आजार. तो विचार आला की मी उठून काहीतरी घासायला घ्यायचे. त्या आठवड्यात आमची भांडी शोकेसमध्ये ठेवण्यालायक झाली.

नवा कॉम्प्युटर घेऊन टाकू, असं मी म्हटलं. नवरा म्हणाला, "हत्यार बदलायचं नाही, दुरुस्त करायचं." आता हा कॉम्प्युटर हत्यार कसा झाला, ते सांगायला हवं.

नवरा दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षवाल्या घरातला. त्याचे भाऊ अजून बागेतच आहेत आणि त्यांचं बरं चाललंय, पण ह्याला लहानपणापासून बागेचा तिटकारा. शाळेतून आलं की हातात कात्री, सुट्टी लागली की हातात कात्री, आणि फवारणीच्या दिवसांत भाकरीलाही औषधाचा वास. डिप्लोमा करून तो कारखान्यात चिकटला तो निवृत्त होऊनच बाहेर पडला. लेक जन्मली तेव्हाच त्याने ठरवलं होतं की हिच्या हातात कात्री येऊ द्यायची नाही. इंजिनिअरिंगला गेली तेव्हा हा कॉम्प्युटर त्याने स्वतः जाऊन आणला, आणि ती जर्मनीला गेल्यावर सगळं श्रेय कॉम्प्युटरलाच दिलं. माझ्या वाट्याला काही आलं नाही. तेव्हापासून लग्नात, बारशात, दहाव्याला, जिथे चार माणसं भेटतील तिथे तो सांगतो, "द्राक्षाची कात्री न धरलेली आमच्या घरातली ही पहिली." दहाव्याला तरी सांगू नये, असं मी एकदा सुचवून पाहिलं होतं.

एवढा तिटकारा, पण सवयी तशाच. बाजारातून द्राक्षं आणली की घड देठाला धरूनच ताटात ठेवतो. मण्यांवर जी पांढुरकी लव असते ती बोट लागलं की पुसली जाते, म्हणून मी घडाला हात लावला की अजूनही माझ्या अंगावर ओरडतो. शेवटी धुवूनच खायची आहेत, मग लवेचं एवढं काय, ह्याचं उत्तर त्याने मला आजवर दिलेलं नाही.

तर कार्ड बदलायचं ठरलं. नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर कॉम्प्युटर आडवा घातला आणि बाजूचा पत्रा उघडला. आत सगळं लाल होतं.

"धूळ आहे," नवरा म्हणाला.

"धूळ लाल कधीपासून व्हायला लागली?"

त्याने बोट फिरवून पाहिलं. कुंकू होतं. कुंकू, हळद, त्यात चिकटलेल्या अक्षता, आणि वाळून बडीशेपेसारख्या झालेल्या झेंडूच्या पाकळ्या. जुन्या कार्डाच्या पंख्यावर तर त्याचा असा थर होता की गावाबाहेरच्या शेंदूर माखलेल्या दगडाला हेवा वाटावा. पंखा बोटाने ढकलला तरी फिरत नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा असते. कारखान्यांत त्या दिवशी मशिनींना हार घालतात, पेढे वाटतात आणि कोणी बटण दाबत नाही. ती रीत नवऱ्याने घरी आणली होती. पान्हे, ड्रिल, माझी विळी, आणि सगळ्यांच्या मध्ये लेकीचा कॉम्प्युटर. त्याच्या डोक्यावर जाळी आहे, आतली गरम हवा बाहेर पडायला. नवरा दर वर्षी त्या जाळीवर मनोभावे हळद-कुंकू वाहायचा, वर अक्षता, वर झेंडू. दुसऱ्या दिवशी जाळी स्वच्छ असायची. त्याला वाटायचं मी पुसून ठेवते, मला वाटायचं तो पुसतो. प्रत्यक्षात कॉम्प्युटर सगळं प्रसाद म्हणून गिळत होता.

"भक्तीने मेलं बिचारं," मी म्हणाले.

"वय झालं होतं त्याचं," नवरा म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता ब्रशने अक्षता झाडायला लागला.

मग दुकानाची वारी. तिथल्या माणसाने आमच्या कॉम्प्युटरचं वर्णन ऐकलं आणि म्हणाला की नवं कार्ड ह्याला नाकापेक्षा मोती जड होईल. म्हणी आम्हालाही येतात, मी म्हटलं, तुम्ही कार्ड दाखवा. कार्ड दाखवलं. मग कळलं की त्याला जास्त वीज लागते, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबाही नवा हवा. मग कळलं की आमच्या जुन्या मॉनिटरची निळ्या तोंडाची वायर नव्या कार्डाला बसतच नाही, म्हणजे मॉनिटरही नवा हवा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला चाललेला पाहून नवऱ्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग त्याला तोडगा सुचला. हॉलमधल्या टीव्हीला ती नवी वायर बसते. कॉम्प्युटर हॉलमध्ये न्यायचा आणि गेम टीव्हीवर खेळायचा. मॉनिटर वाचला म्हणून तो वाटेत रसवंतीवर थांबून उसाचा रस पाजण्याइतका खूश झाला.

घरी आल्यावर कार्ड बसेना. लांबी जास्त. हार्ड डिस्क ठेवायचा पत्र्याचा पिंजरा आडवा येत होता, आणि तो स्क्रूने नाही तर रिबिटाने ठोकलेला. दुसऱ्या कोणी कार्ड परत केलं असतं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र निवृत्तीनंतर प्रथमच तेज आलं. त्याने ड्रिल काढलं, आतल्या नाजूक भागांवर माझा चांगला टॉवेल पांघरला आणि रिबिटं उडवायला सुरुवात केली. निम्मी उडाली आणि लाइट गेली. लाइट आली तेव्हा तो म्हणाला, "आता राहू दे. उद्या नवमी."

"मग?"

"मग काय, उद्या ड्रिल पूजेला लागणार. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटल्याशिवाय उचलायचं नाही."

मी डोक्याला हात लावला. लेक काय सांगणार होती हे कळायला आता देवाचीही परवानगी लागत होती. आणि कळस म्हणजे नवमीला सकाळी पाहते तर पाटावर ड्रिल, पान्हे, विळी आणि त्यांच्या शेजारी कोरं ग्राफिक्स कार्ड. बाजूला त्याची बागेतली जुनी कात्री. ती तो दर वर्षी फडक्यातून काढतो, तेल देतो, पूजा झाली की परत फडक्यात बांधून ठेवतो. नको असलेल्या गोष्टीला इतकं तेल कोणी देत नाही, पण हे बोलून दाखवायची सोय नाही. त्याने कुंकवाचा करंडा उचलला तशी मी पुढे झाले.

"अहो, कार्डाला नाही. एकाचा जीव घेतलात तेवढा पुरे."

बरीच घासाघीस होऊन कुंकू खोक्याला लागलं आणि कार्डाला फक्त नमस्कार झाला.

दसऱ्याला श्रीखंड-पुरी झाली. सोसायटीतली मंडळी आपट्याची पानं देऊन गेली. पानं हातात पडल्याबरोबर मी म्हणाले, "लुटलं सोनं. उचला ड्रिल." उरलेली रिबिटं उडाली, पिंजरा निघाला, कार्ड बसलं. हॉलमध्ये टीव्हीखाली कॉम्प्युटर मांडला, वायर जोडली, बटण दाबलं. काहीच दिसेना. नवऱ्याने सगळं उघडून परत बांधलं. तरी काही नाही. शेवटी माझ्या लक्षात आलं की सवयीने त्याने ती वायर कार्डाला न लावता कॉम्प्युटरच्याच मागच्या तशाच दुसऱ्या जागेत खोचली होती. नवं कार्ड शेजारी दिमाखात बसलेलं, आणि त्याला कोणी काम सांगितलेलंच नव्हतं. आमच्या शाळेत असे एक उपमुख्याध्यापक होते.

वायर योग्य जागी गेली आणि टीव्हीभर बेट उजळलं. मी बघतच राहिले. भोपळ्याच्या पानांवर बारीक काटे होते. गवत वाऱ्याने हलत होतं. बेटाच्या चारी बाजूंनी जी निळी सतरंजी पसरलीय असं मी समजत होते, तो समुद्र होता, आणि त्याला लाटा होत्या. भूगोलाच्या बाईला समुद्र ओळखू आला नव्हता, तर तो दोष कार्डाचा, माझा नाही.

मी लेकीला मेसेज टाकला, कार्ड बसलं. रविवार नव्हता, तिच्याकडे भर दुपार असणार, म्हणून ती येईल अशी आशा नव्हती. पण ती लगेच बेटावर आली.

"तुला ऑफिस नाही?" मी हेडफोन सारखे करत विचारलं.

"आज पाऊस आहे आई. सुट्टी."

मी जर्मनीचं हवामान नववीला शिकवलंय. तिथे बारमाही पाऊस पडतो, आणि त्यासाठी ऑफिसं बंद ठेवल्याचा उल्लेख कुठल्याही पुस्तकात नाही. पण मी झारी उचलली आणि भोपळ्यांकडे गेले. तिने कुऱ्हाड उचलली. नवरा टीव्हीच्या मागे फरशीवर बसून सुटलेल्या वायरी बांधत होता.

"आई, माझाच आवाज मला परत ऐकू येतोय," ती म्हणाली.

"नवीन कार्ड आहे, सुरुवातीला येत असेल," मी जाणकारासारखं सांगितलं. "मला तर तू इतकी स्पष्ट ऐकू येतेयस, जशी इथेच बसली आहेस."

"बाबा कुठेत?"

"इथेच आहेत, वायरी बांधतायत. त्यांना काय ऐकू जातंय!"

ती थोडा वेळ लाकडं तोडत राहिली. एक झाड पडलं, मग दुसरं.

"आई, माझी नोकरी गेली. गणपतीच्या आधीच. आमचा अख्खा विभागच बंद केला. घाबरू नकोस, दुसरी शोधतेय, मिळेल. पण दिवसभर खोलीत बसून डोकं फिरायला लागलं होतं. मग इथल्या एका मैत्रिणीबरोबर कामाला जायला लागले. आत्ता सीझन आहे ना इथे." ती थांबली. "द्राक्षं तोडतेय आई. सकाळी गाडी येते, कात्री देतात, संध्याकाळपर्यंत तोडणी. पावसात तोडत नाहीत, म्हणून आज सुट्टी."

मला आधी सुटल्यासारखं झालं. आजार नव्हता. माझी लेक धडधाकट होती आणि उन्हात काम करत होती. तेवढ्यात ती म्हणाली, "फक्त बाबांना सांगू नको. ते सगळ्यांना काय सांगत फिरतात माहीत आहे ना? त्यांना कळलं तर... मला त्यांचं तोंड बघवणार नाही गं."

मी हळूच नवऱ्याकडे पाहिलं. तो टीव्हीमागून बाहेर आला होता आणि फरशीवर तसाच बसला होता, हातात वायर बांधायची पट्टी. ती बांधत नव्हता. मी एका कानावरून हेडफोन बाजूला केला. लेकीचा श्वास तेवढाच मोठा ऐकू येत होता. दुसरा काढला, तरी तेवढाच. मग उजेड पडला. नवं कार्ड चित्राबरोबर आवाजसुद्धा त्याच वायरीतून टीव्हीला देत होतं, आणि टीव्हीचा आवाज नवऱ्याने चर्चा ऐकायला ठेवलेला होता तेवढाच होता. माझ्या कानावर नुसती सजावट होती. खालच्या मजल्यावर एरवी ह्या वेळी मालिका चालू असते, तीही बंद झालेली होती.

"आई? ऐकतेयस ना?" टीव्ही गरजला.

नवरा गुडघ्यावर हात टेकून उठला. मला वाटलं, आता हा ओरडणार, किंवा काही न बोलता चपला घालून निघून जाणार. ह्यातलं कुठलं वाईट, ते मला ठरवता येईना. तो माझ्याजवळ आला, वाकला, आणि माझ्या तोंडासमोरच्या माइकमध्ये, जसा तो सगळ्या फोनवर बोलतो तसा, ओरडून म्हणाला,

"बराबर हाय. ओला घड तोडायचाच नाय. सडतो पेटीत."

बेटावर कुऱ्हाड थांबली.

"बाबा?"

"कात्री कसली देत्यात?"

"छोटी आहे. लाल मुठीची."

"धार हाय का? दिवसाआड लावून घ्यायची. बोथट कात्रीनं मनगट जातं." गावाकडची बोली त्याच्या तोंडून मी भाऊबंदांच्या भांडणाशिवाय कधी ऐकली नव्हती. "आन हातमोजे?"

"देतात."

"घडाला हात नाय लावायचा. देठाला धरायचं. लव जाती मण्यावरची."

"बाबा," ती म्हणाली, "ह्याची वाइन करतात. सगळं चिरडूनच टाकतात. लव गेली तरी चालते."

नवऱ्याने ह्यावर विचार केला. वाकल्यामुळे त्याचा श्वास माझ्या गालाला लागत होता.

"त्यांच्यात चालत आसंल," तो म्हणाला. "आपल्यात नाय चालत."

"हो बाबा," ती म्हणाली. "देठाला धरते."

आणि मग ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, मोकळी, हुंदके देत. ते रडणं टीव्हीतून हॉलभर, गॅलरीभर, बहुतेक सोसायटीभर पसरलं. मला माझे डोळे आवरता येत नव्हते, तरी आधी खालच्या वहिनी आठवल्या, आणि आवाज कमी करायला मी रिमोट चाचपायला लागले. नवऱ्याने तो माझ्या हाताखालून काढून घेतला आणि सोफ्यावर, माझ्या शेजारी, टीव्हीकडे तोंड करून बसला.

"राहू दे," तो म्हणाला. "मला ऐकू येतंय."